दुसऱ्याच्या वेळापत्रकावर लावलेला पैसा

जुलै 1999 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मेनलो पार्कमधल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीने आपले शेअर पहिल्यांदा लोकांना विकले. एका शेअरला 6 डॉलर. कंपनीचे नाव बी इन्कॉर्पोरेटेड, आणि विकायला तिच्याकडे मुख्यतः एकच माल होता: बीओएस नावाची ऑपरेटिंग सिस्टिम. सहा-सात महिन्यांत तो शेअर तीस डॉलरच्या वर गेला. ऑगस्ट 2001 मध्ये कंपनीची सारी बौद्धिक मालमत्ता पाम या कंपनीने 1 कोटी 10 लाख डॉलरला घेतल्याचे जाहीर झाले. ही किंमत साधारण साडेतीन कोटी शेअरांत वाटली, तर एका शेअरच्या वाट्याला तीस सेंट येतात. शंभरपट घसरण, आणि तीही दोन वर्षांच्या आत.

ही गोष्ट सांगून झाली की ऐकणारा लगेच निकाल देतो: डॉटकॉमचा फुगा होता, लोकांना हाव सुटली होती, फुगा फुटला. मला हा निकाल अपुरा वाटतो. हाव होती हे खरेच. पण इथे हावेपलीकडचे काही घडले, आणि नव्या प्रोसेसरवर बेतलेल्या कोणत्याही छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत ते आजही घडू शकते. बीच्या शेअरमध्ये पैसे घालणाऱ्या अनेकांना तंत्रज्ञान कळत होते. त्यांनी तंत्रज्ञानाबद्दल केलेले भाकीतही पुढे खरे ठरले. तरीही त्यांचे पैसे गेले. भाकीत खरे आणि पैसा बुडीत, हे एकाच वेळी कसे होते, ते नीट समजून घ्यायला हवे.

कंपनीची स्थापना 1990 मध्ये झाली. संस्थापक ज्याँ-लुई गासे हे ॲपलमधले मोठे अधिकारी, आणि त्यांच्याबरोबर आलेले स्टीव्ह साकोमन हे ॲपलच्या न्यूटन प्रकल्पाचे जनक. दोघांची धारणा अशी की जुन्या ऑपरेटिंग सिस्टिम्स एका प्रोसेसरच्या काळात घडल्या आहेत आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षे ठिगळे लावली गेली आहेत. उद्याच्या संगणकात एकापेक्षा जास्त प्रोसेसर असतील, आवाज आणि चित्रफिती ही त्याची रोजची कामे असतील, तेव्हा सगळे पहिल्यापासून लिहायला हवे. तसे त्यांनी लिहिलेही. बीओएसमध्ये प्रत्येक खिडकीचे काम स्वतंत्र धाग्यावर (थ्रेडवर) चाले आणि ही धाग्यांची कामे सिस्टिम सगळ्या प्रोसेसरांवर वाटून देई. एका साध्या यंत्रावर अनेक चित्रफिती एकदम चालवून दाखवणे हे त्यांचे आवडते प्रात्यक्षिक होते, आणि ते पाहणारा थक्क होत असे. 1995 च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी बीबॉक्स हे स्वतःचे यंत्र बाजारात आणले. त्यात दोन प्रोसेसर होते आणि पुढच्या बाजूला दिव्यांच्या दोन रांगा. कोणता प्रोसेसर किती राबतो आहे, ते त्या दिव्यांवर दिसे.

आज तुमच्या खिशातल्या फोनमध्ये बहुधा आठ गाभ्यांची, म्हणजे एकातच आठ प्रोसेसर असलेली, चिप आहे. गासे यांचे म्हणणे अक्षरशः खरे झाले. पण सर्वसामान्य माणसाच्या टेबलावर दोन गाभ्यांचा प्रोसेसर पोचायला 2005 साल उजाडले. त्या वर्षी इंटेलने पेन्टियम डी आणि एएमडीने ॲथलॉन 64 एक्स 2 विकायला काढला. बीबॉक्सनंतर दहा वर्षांनी.

ही दहा वर्षे कुठे गेली? या प्रश्नाचे उत्तर बी कंपनीच्या कचेरीत सापडत नाही. ते चिप बनवणाऱ्यांच्या कारखान्यात सापडते. नव्वदीच्या दशकात एकेरी प्रोसेसरचा वेग दरवर्षी इतका वाढत होता की दुसरा प्रोसेसर बसवण्याची गरजच ग्राहकाला भासत नव्हती. जुने सॉफ्टवेअर होते तसे ठेवा, नवी चिप घ्या, काम आपोआप वेगाने होईल, असा तो काळ होता. 2000 साली वेगाने 1 गिगाहर्ट्झचा टप्पा गाठला. पामचा सौदा जाहीर झाला त्याच महिन्यात, ऑगस्ट 2001 मध्ये, इंटेलने 2 गिगाहर्ट्झचा पेन्टियम 4 आणला. पुढे चिपची उष्णता आवरेनाशी झाली, 2004 मध्ये इंटेलने 4 गिगाहर्ट्झच्या पेन्टियम 4 चा बेत सोडून दिला, आणि वेग वाढवण्याचा रस्ता बंद झाला म्हणून उद्योग अनेक गाभ्यांकडे वळला. बीला जो दिवस हवा होता तो दुसऱ्यांच्या चिपमधल्या उष्णतेच्या अडचणीमुळे उगवला. तोवर बी उरली नव्हती.

कालवा येणार अशी घोषणा ऐकून एखाद्याने आधीच ऊस लावावा, तशी ही स्थिती. कालवा येतोही. पण तो कधी येणार हे पाटबंधारे खाते ठरवते आणि ऊस तोवर उभा राहात नाही. अशा शेतात पैसे घालणाऱ्याने मातीचा कस पाहिला, बेणे पाहिले, शेतकऱ्याची मेहनत पाहिली, आणि पाण्याची तारीख कोणाच्या हातात आहे तेवढे विचारायचे राहिले.

बीला हा अनुभव एकदा नाही, तीनदा आला. कंपनीने पहिले यंत्र आखले ते एटी अँड टीच्या हॉबिट या प्रोसेसरवर. चिप हुशारीने रचलेली होती. पण एटी अँड टीला त्या धंद्यात राम वाटला नाही आणि 1994 मध्ये तिने हॉबिट गुंडाळली. बीच्या अभियंत्यांचे काही चुकले नव्हते. दुसऱ्या एका अवाढव्य कंपनीच्या बैठकीत एक ओळीचा निर्णय झाला आणि मेनलो पार्कमधली काही वर्षांची मेहनत नव्याने करावी लागली. मग बी पॉवरपीसीकडे गेली. ॲपल, आयबीएम आणि मोटोरोला या तिघांनी मिळून उभा केलेला हा प्रोसेसर. याहून भक्कम आधार त्या वेळी दुसरा कोणता असणार होता? बीबॉक्स त्यावरच चालला, पण तो दोन हजार नगही खपला नाही आणि 1997 च्या सुरुवातीला कंपनीने यंत्रे बनवणे थांबवून केवळ सॉफ्टवेअर करायचे ठरवले. इथून ती खऱ्या अर्थाने दुसऱ्याच्या यंत्रावर जगणारी सॉफ्टवेअर कंपनी झाली.

त्याच सुमारास आणखी एक दार उघडून बंद झाले. ॲपलला नवी ऑपरेटिंग सिस्टिम हवी होती आणि बी विकत घेण्याची बोलणी चालली होती. किमतीवर ती अडली. डिसेंबर 1996 मध्ये ॲपलने चाळीस कोटी डॉलरहून जास्त मोजून स्टीव्ह जॉब्ज यांची नेक्स्ट ही कंपनी घेतली. जॉब्ज परतल्यावर 1997 मध्ये मॅकसारखी यंत्रे बनवणाऱ्या इतर कंपन्यांचे परवाने थांबवण्यात आले. त्यांतली पॉवर कम्प्युटिंग आपल्या यंत्रांसोबत बीओएस देत होती. तोही मार्ग संपला. पुढच्या जी 3 प्रोसेसरच्या मॅकची तांत्रिक माहिती ॲपलने बीला दिली नाही, आणि ती माहिती नसल्याने बीओएस त्या यंत्रांवर कधी चाललीच नाही. पॉवरपीसी हा प्रोसेसर जिवंत होता, वेगाने सुधारत होता, पण बीसाठी तो मेला होता. चिप असून भागत नाही, चिपच्या मालकाची तुमच्याशी बोलायची इच्छाही असावी लागते, हे यातून दिसते. कंपनीच्या माहितीपत्रकात हे वाक्य वकिली भाषेत कुठेतरी असते. ते वाचून पुढचे पान उलटणारेच जास्त.

तिसरा आधार इंटेलचा. 1998 मध्ये बीओएस इंटेलच्या प्रोसेसरांवर आली आणि इंटेलने कंपनीत भागही घेतला. आता चिप टिकणार की नाही ही चिंता उरली नाही, पण अडचणीची जागा बदलली. इंटेलच्या प्रोसेसरचा संगणक विकणारे उत्पादक मायक्रोसॉफ्टच्या परवान्याच्या अटींनी बांधलेले होते. विंडोजच्या शेजारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम सुरुवातीलाच निवडता येईल अशी सोय ठेवू दिली जात नाही, अशी बीची तक्रार होती आणि त्यावर तिने 2002 मध्ये खटला भरला. सप्टेंबर 2003 मध्ये मायक्रोसॉफ्टने दोष मान्य न करता 2 कोटी 32 लाख 50 हजार डॉलर देऊन तो मिटवला. पामने सगळ्या तंत्रज्ञानाची जी किंमत दिली, तिच्या दुपटीहून ही रक्कम मोठी आहे. वर्षानुवर्षे लिहिलेल्या सॉफ्टवेअरपेक्षा ते विकू न दिल्याच्या तक्रारीला जास्त मोल आले. या एका आकड्यात मला त्या कंपनीची सारी शोकांतिका दिसते.

आता याच्या शेजारी मायक्रोसॉफ्टचीच एक गोष्ट ठेवू. विंडोज एनटी या तिच्या ऑपरेटिंग सिस्टिमचे काम सुरू झाले ते इंटेलच्या आय 860 या नव्या प्रोसेसरला समोर ठेवून. तो प्रोसेसर फसला. हॉबिटसारखाच. एनटीचा संघ मिप्स प्रोसेसरकडे वळला, मग इंटेलच्याच 386 कडे. पुढे एनटी अल्फावर आणि पॉवरपीसीवरही चालू लागली, आणि त्या त्या प्रोसेसरचा बाजार आटला तशी मायक्रोसॉफ्टने एकेकाची साथ सोडली. कंपनीच्या शेअरला याची झळही लागली नाही. प्रोसेसरचा अंदाज दोघांचाही चुकला होता. फरक इतकाच की एकीकडे डॉस आणि विंडोजचे उत्पन्न दरमहा येत होते आणि दुसरीकडे गुंतवणूकदारांनी दिलेली रोकड दरमहा संपत होती. चूक परवडणे ही मोठ्या कंपनीची खरी मालमत्ता आहे, आणि ती ताळेबंदात वेगळी दाखवत नाहीत.

यावर एक सबळ आक्षेप येतो आणि तो मी टाळणार नाही. मायक्रोसॉफ्ट स्वतः काय होती? 1975 मध्ये इंटेलच्या 8080 या नव्या प्रोसेसरवर बेतलेल्या अल्टेअर यंत्रासाठी बेसिक भाषा लिहिणारी, बिल गेट्स आणि पॉल ॲलन या दोन तरुणांची कंपनी. यंत्र हातात नसताना हार्वर्डमधल्या संगणकावर 8080 ची नक्कल करून त्यांनी ते सॉफ्टवेअर लिहिले. नव्या प्रोसेसरवर अवलंबून असलेली याहून छोटी सॉफ्टवेअर कंपनी सापडणे कठीण, आणि तिच्यातून जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एक उभी राहिली. मग अशा डावाला नावे का ठेवायची?

कारण त्या डावाचे तपशील बीच्या डावाहून अगदी निराळे आहेत. अल्टेअर यंत्राचा धंदा बसण्याआधीच गेट्स आणि ॲलन यांनी आपले बेसिक 6800, 6502 अशा इतर प्रोसेसरांसाठी लिहून इतर उत्पादकांना विकायला सुरुवात केली होती. अवलंबित्व हा त्यांच्या धंद्याचा पाया नव्हता, ती पहिली पायरी होती. दुसरी गोष्ट, ते पहिल्या दिवसापासून पैसे कमावत होते. आणि तिसरी, जी सामान्य गुंतवणूकदाराच्या दृष्टीने सर्वांत मोलाची: मायक्रोसॉफ्टचा शेअर लोकांना मिळाला तो मार्च 1986 मध्ये, 21 डॉलरला, स्थापनेनंतर अकरा वर्षांनी. तोपर्यंत कंपनी कोणत्याही एका चिपच्या दयेवर नव्हती. एवढे उशिरा आलेल्यांनीही अमाप पैसा कमावला. अगदी सुरुवातीला शिरलो नाही तर संधी गेली, ही जी धास्ती नव्या शेअरभोवती पसरवली जाते, तिला मायक्रोसॉफ्टचा इतिहास साफ खोटे पाडतो.

लोटसचे उदाहरण याहून बोलके आहे. मिच केपॉर यांची ही छोटी कंपनी. तिचे 1-2-3 हे हिशेबाचे सॉफ्टवेअर आयबीएमच्या नव्या वैयक्तिक संगणकासाठी, त्यातल्या 8088 प्रोसेसरचा पुरेपूर उपयोग व्हावा म्हणून थेट यंत्रभाषेच्या जवळ जाऊन लिहिले होते. म्हणजे एकाच यंत्राशी बांधून घेतलेले. पण आयबीएमचा संगणक ऑगस्ट 1981 मध्ये आला होता आणि 1-2-3 जानेवारी 1983 मध्ये विक्रीला आले. यंत्रे तोवर हजारो टेबलांवर बसली होती. केपॉर यांनी नव्या प्रोसेसरवर डाव लावला, पण तो प्रोसेसर येईल की नाही यावर लावला नाही. पहिल्याच वर्षी विक्री 5 कोटी 30 लाख डॉलर झाली. नव्या चिपवर चालणारी कंपनी आणि न आलेल्या चिपची वाट पाहणारी कंपनी या दोन वेगळ्या जाती आहेत. शेअर बाजारातली मंडळी दोघींना 'टेक' या एकाच पाटीखाली बसवतात, आणि घोटाळा तिथून सुरू होतो.

आता किमतीबद्दल. किमतीचा विचार न करता अशा कंपनीला चांगली किंवा वाईट म्हणण्यात अर्थ नाही. समजा, बीसारखी कंपनी यशस्वी व्हायला पाच गोष्टी घडाव्या लागतात: हवा तो प्रोसेसर वेळेवर यावा, तो असलेली यंत्रे खपावीत, उत्पादकांनी तुमचे सॉफ्टवेअर त्यांत घालावे, जुन्या पद्धतीने तेवढ्या काळात दरी बुजवू नये, आणि हे सगळे होईपर्यंत कंपनीची रोकड पुरावी. प्रत्येक गोष्ट घडण्याची शक्यता 70 टक्के धरली, म्हणजे पुष्कळच उदारपणे धरली, तरी पाचही एकत्र घडण्याची शक्यता 17 टक्क्यांच्या आसपास येते. या अटी एकमेकींत गुंतलेल्या असतात, त्यामुळे हे गणित काटेकोर नाही; पण दिशा कळायला पुरेसे आहे. माणसाचे मन मात्र असा गुणाकार करत नाही. पाचांपैकी प्रत्येक गोष्ट होण्यासारखी आहे एवढे पाहून ते सगळे होईल असे मानून बसते. समजा, सगळे जमले तर शेअर 40 डॉलरचा होईल. मग आज त्याची रास्त किंमत सातेक डॉलर. या हिशेबाने 6 डॉलरला बी घेणारा माणूस अविचारी नव्हता. त्याने जोखीम घेतली आणि तिची किंमत नीट मोजली. तीस डॉलरला घेणाऱ्याने मात्र पाचही गोष्टी घडून गेल्यासारखे पैसे मोजले. कंपनी तीच, सॉफ्टवेअर तेच, अभियंते तेच. पहिला सट्टा होता. दुसऱ्याला काय म्हणावे मला कळत नाही, कारण सट्ट्यात निदान शक्यतांचा अंदाज तरी असतो.

आणि तीस डॉलरचा तो भाव चढला कशावर? बीओएसच्या विक्रीवर नव्हे, ती खर्चाच्या मानाने किरकोळच राहिली आणि कंपनी कधीच नफ्यात आली नाही. 2000 च्या जानेवारीत कंपनीने जाहीर केले की यापुढे तिचा भर टेबलावरच्या संगणकावर नसून इंटरनेट उपकरणांवर असेल. स्वयंपाकघरात किंवा दिवाणखान्यात ठेवायचे, फक्त इंटरनेटसाठी असलेले साधे यंत्र. मार्चमध्ये मूळ बीओएसची वैयक्तिक आवृत्ती फुकट देण्यात आली. म्हणजे दहा वर्षे ज्या स्वप्नावर पैसे उभे केले ते बाजूला ठेवून कंपनीने नव्या जातीच्या स्वस्त चिपवर आणि अजून अस्तित्वात नसलेल्या ग्राहकावर दुसरा डाव मांडला, आणि बाजाराला तो पहिल्याहून जास्त आवडला. सोनीने ई-व्हिला हे यंत्र बीच्या सॉफ्टवेअरवर 2001 च्या उन्हाळ्यात आणले, त्यात नॅशनल सेमीकंडक्टरची जिओड चिप होती, आणि काही महिन्यांतच ते मागे घेतले. मला इथे कंपनीला दोष द्यावासा वाटत नाही. रोकड संपत आलेली कंपनी जिथे उजेड दिसेल तिकडे जाणारच. पण शेअर धरून बसलेल्याने हे ओळखायला हवे होते की कंपनीने आपली गोष्ट बदलली तो क्षण आनंदाचा नाही. जुनी गोष्ट फळली नाही याची ती कबुली असते.

अशा कंपन्यांमध्ये पैसा कोणी घालावा, याला माझ्याकडे स्पष्ट उत्तर आहे. ज्याच्याजवळ असे वीस-पंचवीस डाव एकदम लावण्याइतके भांडवल आहे, ज्याला कंपनीच्या संचालक मंडळात बसून प्रश्न विचारता येतात आणि ज्याला पैसे परत मागणारे कोणी दहा वर्षे दारात येणार नाही, त्याने. व्हेंचर फंड नेमके हेच करतात. त्यांचे बहुतेक डाव फसतात आणि एखाददुसरा सगळ्यांचे पैसे भरून काढतो. किरकोळ गुंतवणूकदार त्यांच्यातला एकच डाव उचलतो, तोही त्यांनी विकायला काढल्यावर, आणि त्यांच्याहून पुष्कळ चढ्या भावाने. समाजाला अशा जोखमीच्या पैशाची गरज आहे, हे मी मनापासून मानतो. बीमध्ये पैसे घातले गेले म्हणून तिच्या फाइल पद्धतीचे रचनाकार डॉमिनिक जंपाओलो यांच्यासारखी माणसे घडली, आणि त्यांनी पुढे ॲपलमध्ये नवी फाइल पद्धत घडवली; आज कोट्यवधी आयफोन तिच्यावर चालतात. बीओएसच्या चाहत्यांनी 2001 पासून पुन्हा लिहायला घेतलेली हायकू ही मुक्त सिस्टिम आजही जिवंत आहे. म्हणजे पैसा वाया गेला नाही. तो ज्यांनी दिला त्यांच्याकडे परत आला नाही, एवढेच. ज्ञान समाजाला मिळाले आणि तोटा शेअरधारकाने सोसला. हा व्यवहार डोळे उघडे ठेवून केला तर त्यात उदात्तताही आहे. पण मुलीच्या शिक्षणाचे पैसे घालून, नफ्याच्या खात्रीने केला, तर ती फसगत आहे, आणि ती घडवून आणणारे दलाल, विश्लेषक आणि शेअर बाजारात आणणाऱ्या बँका यांनी आपली दलाली आधीच घेतलेली असते.

हे सगळे मराठी वाचकाला कशासाठी? त्या काळी पुण्या-मुंबईच्या माणसाला नॅस्डॅकवरचा शेअर घेण्याची सोपी सोय नव्हती. परदेशात पैसे गुंतवण्याची रिझर्व्ह बँकेची उदार योजना 2004 मध्ये आली, तेव्हा मर्यादा 25 हजार डॉलर होती. आज ती वर्षाला अडीच लाख डॉलर आहे आणि मोबाइलवरून अमेरिकी शेअरचा तुकडासुद्धा घेता येतो. 2000 मध्ये आपली माणसे त्या वादळात सापडली ती दोन वाटांनी. कॅलिफोर्नियात नोकरीला गेलेल्या अभियंत्यांना पगाराचा भाग म्हणून कंपनीचे शेअर मिळत; त्यांची नोकरी आणि त्यांची बचत एकाच चिपच्या भवितव्याला टांगलेली असे. आणि इथे, आपल्या बाजारात, त्याच ज्वराने सॉफ्टवेअर शेअर चढले आणि 2001 मध्ये कोसळले. त्याच वर्षी जुलैत युनिट ट्रस्टने यूएस-64 या आपल्या बचत योजनेच्या युनिटांची पुनर्खरेदी थांबवली, तेव्हा ज्यांनी आयुष्यात एकही टेक शेअर घेतला नव्हता अशा निवृत्त माणसांच्या घरातही चिंता शिरली.

आज तोच खेळ नव्या प्रोसेसरभोवती मांडला जातो आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिपा आहेत, आणि त्याहून दूरचे क्वांटम संगणक आहेत. 2025 च्या जानेवारीत एन्व्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी विश्लेषकांसमोर सहज मत दिले की खरोखर उपयोगी क्वांटम संगणक यायला पंधरा ते तीस वर्षे लागतील. दुसऱ्या दिवशी आयऑनक्यू, रिगेटी, डी-वेव्ह आणि क्वांटम कम्प्युटिंग इन्कॉर्पोरेटेड यांचे शेअर एका दिवसात तिसऱ्या हिश्शाहून जास्त घसरले. यांतली शेवटची कंपनी क्वांटम यंत्रांसाठी सॉफ्टवेअर लिहिण्यापासूनच सुरू झाली होती. त्या एका दिवसात कोणाच्या प्रयोगशाळेत काही बिघडले नव्हते, कोणाचे ग्राहक गेले नव्हते. फक्त एका माणसाने तारखेचा अंदाज सांगितला. पुढे मार्चमध्ये त्यांनी आपले म्हणणे चुकल्याचे मान्य केले, तरी मुद्दा बदलत नाही. एका अंदाजाने ज्याची किंमत एवढी हलते, त्या शेअरमध्ये लोकांनी तंत्रज्ञान विकत घेतलेले नसून एक तारीख विकत घेतली आहे, आणि ती तारीख त्या कंपनीच्या हातात नाही. भारत सरकारने 2023 मध्ये क्वांटम मोहिमेसाठी 6 हजार कोटी रुपयांहून थोडी जास्त रक्कम मंजूर केली आहे. सरकारला वीस वर्षे थांबता येते, आणि थांबावेही. पुण्यातल्या आयटी कंपनीत नोकरी करणाऱ्या, घराचे हप्ते भरणाऱ्या माणसाला तसे थांबता येत नाही.

म्हणून अशा कंपनीचा शेअर घ्यावासा वाटला, तर तिचे प्रात्यक्षिक पाहण्याआधी तिचे माहितीपत्रक उघडा आणि जोखमीची पाने पहिल्यांदा वाचा. ज्या चिपवर ती जगते, ती बंद करण्याचा किंवा लांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे ते शोधा. बँकेत किती महिन्यांची रोकड उरली आहे ते तिमाही ताळेबंदातून स्वतः काढा, आणि ती संपल्यावर नवे शेअर काढून तुमचा हिस्सा किती पातळ होईल याचा हिशेब करा. ही चिप आली नाही तर कंपनी दुसऱ्या कोणत्या चिपवर उभी राहू शकते, हे तिच्या अधिकाऱ्यांना लेखी विचारा. उत्तर मिळाले नाही, किंवा उत्तरात फक्त भविष्याचे चित्र मिळाले, तर पैसे आपल्याजवळ ठेवा. आणि उत्तर मिळूनही डाव लावावासा वाटला, तर जी रक्कम उद्या शून्य झाली तरी घरात कोणाला सांगावी लागणार नाही, तेवढीच लावा.